सही देणाऱ्या सीनियरची पात्रता कोण तपासणार?

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई. त्यांनी शपथ घेऊन तेव्हा जेमतेम सहा दिवस झाले होते. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर पहिल्यांदाच एक बौद्ध माणूस बसला, याचा आनंद आपल्या समाजात ताजा होता. त्या आनंदातच हा निकाल आला आणि जेएमएफसीची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे तीन वर्षांचे गणित एका दिवसात बदलले.

आम्हाला अभिमान आहेच. पण अभिमान वाटतो म्हणून निकालाची चिकित्सा करायची नाही, असे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेले नाही.

तीन वर्षांच्या अटीवर भरपूर चर्चा झाली. अट योग्य आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. कधीही कोर्टात उभी न राहिलेली व्यक्ती थेट न्यायासनावर बसली की वकील आणि पक्षकार दोघांनाही त्रास होतो, असे बहुतेक उच्च न्यायालयांनी सांगितले होते, आणि त्यात तथ्य आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्याच निकालात आणखी एक अट आहे. ती वाचायला साधी वाटते, पण आपल्या पहिल्या पिढीच्या वकिलांचे भवितव्य तिच्यावर टांगलेले आहे.

दहा वर्षांची सही

तीन वर्षे वकिली केली हे सिद्ध कसे करायचे? निकालात दोन मार्ग दिले आहेत. एक, त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र. दोन, त्याच न्यायालयात काम करणाऱ्या आणि किमान दहा वर्षे वकिलीत असलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र, ज्यावर त्या जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने दुजोऱ्याची सही केलेली असेल. उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात वकिली करणाऱ्यांसाठीही दहा वर्षांच्या वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्या न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा दुजोरा लागतो. तीन वर्षे मोजायची ती बार कौन्सिलमधल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून. अखिल भारतीय बार परीक्षा केव्हा होते आणि निकाल केव्हा लागतो यावर उमेदवाराचे वर्ष वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो चांगलाच आहे.

व्यवहारात काय होईल ते पाहू. जिल्हा न्यायाधीशांना प्रत्येक ज्युनियरचा चेहरा माहीत असणे शक्य नाही. त्यामुळे बहुतेक मुले सीनियरच्याच सहीवर अवलंबून राहणार. म्हणजे न्यायाधीश होण्याच्या वाटेवर पहिला दरवाजा सीनियरच्या चेंबरचा आहे आणि त्याची किल्ली सीनियरच्या खिशात आहे. ज्याचे काका, वडील, मामा वकील आहेत त्याला किल्ली घरातच मिळते. ज्याच्या घराण्यात आजवर कोणी कोर्टाची पायरी फिर्यादी किंवा आरोपी म्हणूनच चढले, त्याने काय करायचे? तो ज्याने टेबलाशी उभे राहू दिले त्याच्याकडे राहतो. हा माणूस सही द्यायला पात्र आहे का, हे विचारण्याची त्याची हिंमत होत नाही, आणि विचारायचे कोणाला हेही त्याला ठाऊक नसते.

अपात्र सीनियर म्हणजे कोण?

‘अपात्र’ म्हटले की डोळ्यांसमोर बोगस वकील येतो. तो प्रकार आहेच. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या वकिलांच्या पदव्या आणि सनदा तपासण्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमली, यावरून प्रश्न किती खोल आहे ते कळते. ज्याची सनदच खोटी आहे त्याच्याकडे तीन वर्षे घालवली, तर त्या काळाचे प्रमाणपत्र देणारे कोणी उरत नाही.

पण अपात्रतेचे याहून साधे प्रकार जास्त आढळतात. एखाद्याची सनद खरी असते, पण दहा वर्षे पुरी झालेली नसतात. नावाजलेला, भरपूर काम असलेला सात वर्षांचा वकील उत्तम शिकवू शकेल, पण तुम्ही त्याच्याकडे तीन वर्षे राहून परीक्षेला बसताना त्याची दहा वर्षे भरली नसतील, तर त्याची सही चालणार नाही. दुसऱ्याची सनद जुनी असते, पण मधल्या काळात त्याने पूर्णवेळ पगारी नोकरी धरलेली असते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. मग अशा माणसाची दहा वर्षे कशी मोजायची, हा वाद उभा राहतो. तिसऱ्याला शिस्तभंगाच्या कारवाईत निलंबित केलेले असते आणि तो दुसऱ्याच्या नावाने काम रेटत असतो. चौथा कागदावर सगळ्या बाबतीत पात्र असतो, पण त्याने शिकवलेले काहीच नसते. तीन वर्षे ज्युनियरकडून झेरॉक्स, नकला आणि तारखा एवढेच काम करून घेतलेले असते.

या चौघांत पहिला वकील प्रामाणिक असू शकतो, शेवटचाही कायद्याच्या चौकटीत बसू शकतो. चौघांच्या बाबतीत नुकसान मात्र एकाच बाजूचे होते.

शिक्षा आहे, पण नुकसान कोणाचे?

वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ नुसार व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तनाबद्दल राज्य बार कौन्सिल वकिलावर कारवाई करू शकते. तक्रार आली नाही तरी, गैरवर्तन झाल्याचे मानण्यास कारण असेल तर कौन्सिल स्वतःहून प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवू शकते. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळ निलंबित करू शकते किंवा नाव नोंदवहीतून कायमचे काढू शकते. कलम ३६-ब प्रमाणे राज्य कौन्सिलने एका वर्षात निकाल लावायचा, नाहीतर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. तिच्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील आहे. बार कौन्सिल ही व्यवसायाच्या शुचितेची राखणदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७५ मध्ये महाराष्ट्राच्याच बार कौन्सिलच्या प्रकरणात सांगितले होते.

खोट्या प्रमाणपत्राचे तर फौजदारी परिणामही आहेत. कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र खोटे आहे हे माहीत असून त्यावर सही करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली खोटा पुरावा देण्यासारखाच गुन्हा आहे. ते खोटे असल्याचे माहीत असून वापरणारा कलम २३५ मध्ये येतो. म्हणजे सीनियरने मेहेरबानी म्हणून दिलेला खोटा कागद ज्युनियरलाही आरोपी करू शकतो.

पण मुळात सीनियर सही द्यायला पात्रच नव्हता आणि ज्युनियरला ते माहीत नव्हते, तर काय? असे कोणते कलम आहे, जे म्हणते की अमुक वर्षांखालच्या वकिलाने ज्युनियर ठेवू नये, ठेवल्यास ते गैरवर्तन? वकील कायद्यात असे कलम नाही. ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन’ या ढोबळ शब्दांत ते बसवावे लागेल आणि बसवणार कौन्सिल. वर आणखी एक अडथळा आला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने चालवलेल्या एका शिस्तभंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीसाठी तक्रारदार आणि वकील यांच्यात सर्वसाधारणपणे व्यावसायिक नाते असायला हवे. त्या प्रकरणात विरुद्ध पक्षाच्या वकिलाला विनाकारण ओढले गेले होते, म्हणून न्यायालयाचे म्हणणे रास्त होते. पण ज्युनियर हा काही सीनियरचा पक्षकार नसतो. उद्या ज्युनियरने तक्रार केली तर ‘तुमचे नाते काय?’ असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. नियुक्तिपत्र नाही, पगाराची पावती नाही, हजेरी नाही. नाते सिद्ध करायला त्याच्याकडे असते काय?

समजा तक्रार टिकली, चौकशी झाली, सीनियर एक वर्ष निलंबित झाला. त्याने ज्युनियरची तीन वर्षे परत येतात का? नाही. शिस्तभंगाची सगळी व्यवस्था वकिलाला शिक्षा करण्यासाठी आहे. ज्याचे आयुष्य अडकले त्याला भरपाई देण्याची तिच्यात सोयच नाही. आमच्या मते या विषयाचे मर्म इथे आहे. सीनियरच्या अपात्रतेची जोखीम कायद्याने ज्युनियरच्या अंगावर टाकली आहे, आणि ती जोखीम तपासण्याचे साधन मात्र त्याच्या हाती दिलेले नाही.

शिकवणाऱ्याची नोंदच नाही

हे असे का झाले, याला इतिहास आहे. १९६१ च्या कायद्यात सुरुवातीला सनद मिळण्याआधी प्रशिक्षणाची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढली गेली. १९९५ मध्ये भारतीय बार कौन्सिलने नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण परत आणले. १५ मार्च १९९९ रोजी व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण संसदेने काढलेली गोष्ट नियमाने परत आणण्याचा अधिकार कौन्सिलला नव्हता. पुढे २०१० मध्ये बार परीक्षेची योजना आली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. परीक्षा वैध ठरली, प्रशिक्षण मात्र गेले ते गेलेच. आणि आता २०२५ मध्ये न्यायाधीशपदासाठी ते मागच्या दाराने परत आले आहे. तीन वर्षे सीनियरकडे काढायची, पण सीनियर कोण, त्याने काय शिकवायचे, किती ज्युनियर ठेवायचे, त्यांना काय द्यायचे याचा एकही नियम नाही.

भारतीय बार कौन्सिलच्या आचारनियमांत एक जुना नियम आहे, क्रमांक ४५. सनदेसाठी लागणारे प्रशिक्षण देण्याबद्दल वकिलाने कोणाकडून फी किंवा प्रीमियम मागणे अथवा घेणे अनुचित आहे, असे तो सांगतो. चांगला नियम. पण ते प्रशिक्षणच उरले नसल्याने आजच्या ज्युनियरला त्याच्या शब्दांचा आधार मिळणे कठीण आहे. कायदा शिक्षणाच्या २००८ च्या नियमांत विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठी किमान दहा वर्षे अनुभवाच्या, इच्छुक वकिलांची जिल्हावार यादी करण्याची कल्पना आहे. म्हणजे यादी करणे अशक्य आहे असे कोणी म्हणू शकत नाही. विद्यार्थ्यासाठी जी यादी व्हावी असे नियम म्हणतो, ती सनद मिळालेल्या ज्युनियरसाठी का नको?

शेजारच्या व्यवसायाकडे पाहा. सीए होणाऱ्या मुलाची आर्टिकलशिप संस्थेकडे रीतसर नोंदवली जाते. सीएने किती वर्षे प्रॅक्टिस केली यावर तो किती आर्टिकल ठेवू शकतो हे ठरते. स्टायपेंडचे किमान दर नियमात लिहिलेले आहेत. तिथेही पळवाटा आहेत, कागदोपत्री आर्टिकलशिप दाखवणारे तिथेही सापडतात. पण नोंद असल्यामुळे फसवणूक पकडता येते, कोणी कोणाला कधीपासून ठेवले हे सांगता येते. वकिलीत ही पहिली पायरीच बांधलेली नाही.

पोटाचा प्रश्न

अपात्र सीनियरकडे आपली मुले जातात कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर पोटात आहे. चांगल्या चेंबरमध्ये जागा ओळखीने मिळते आणि तिथे पहिली वर्षे फुकट काढण्याची ऐपत लागते. शहरात खोलीचे भाडे, लोकलचा पास, काळा कोट, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे हे सगळे सांभाळणारा मुलगा जो चार पैसे देईल आणि जो जात विचारणार नाही त्याच्याकडे जातो.

बाबासाहेबांनाही हा अनुभव चुकला नाही. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला, कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला हा माणूस मुंबईत वकिली सुरू करताना सनदेच्या पैशासाठी मित्र नवल भथेना यांच्या मदतीवर अवलंबून होता. सनद मिळाल्यावर सॉलिसिटर त्यांना काम देईनात. चरितार्थासाठी १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. गुणवत्ता होती, दार उघडणारे हात नव्हते.

शंभर वर्षांनी काही बदलले आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात सांगितले की, नोंदणीसाठी बार कौन्सिलांना सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. त्याआधी निरनिराळ्या राज्यांत हीच रक्कम १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत जात होती. जास्तीची फी दुर्बल घटकांना व्यवसायाबाहेर ठेवते, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलने परिपत्रक काढून ज्युनियरना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. सनदेचे दार स्वस्त झाले, पण आतल्या चेंबरचे दार अजून ओळखीवर आणि ऐपतीवरच उघडते.

आपल्याही घरात पाहू

हा प्रश्न फक्त प्रस्थापितांच्या चेंबरचा नाही. आज जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आपले वकील आहेत. त्यांतले अनेक जण ज्युनियरना घरच्यासारखे सांभाळतात. पण ‘आपलेच लेकरू आहे, त्याचे भले व्हावे’ म्हणून न केलेल्या वकिलीच्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा मोह आपल्यालाही होईल. दिवसभर क्लासला जाणारा मुलगा येईल, ‘भाऊ, तेवढी सही द्या’ म्हणेल. त्या वेळी नाही म्हणणे कठीण असते. तरीही नाही म्हटले पाहिजे. खोटे न बोलण्याचे शील आपण दर रविवारी विहारात घेतो, ते सोमवारी कोर्टात मोडायचे नाही. शिवाय असे एक प्रमाणपत्र उघड झाले की, रीतसर वकिली केलेल्या आपल्या शंभर मुलांच्या कागदांकडे संशयाने पाहिले जाईल. आरक्षणाच्या जात-प्रमाणपत्रांबाबत हे आपण भोगलेले आहे.

आमच्या मागण्या

पहिली, राज्य बार कौन्सिलने दहा वर्षे पूर्ण झालेल्या, सनद चालू असलेल्या आणि ज्युनियर ठेवण्यास तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी जाहीर करावी आणि दर वर्षी अद्ययावत करावी. दुसरी, ज्युनियर सीनियरकडे रुजू झाल्याची साधी नोंद कौन्सिलकडे किंवा जिल्हा न्यायालयात व्हावी, म्हणजे तीन वर्षांनी वाद उरणार नाही. तिसरी, पात्रता नसताना प्रमाणपत्र देणे आणि पैसे घेऊन प्रमाणपत्र देणे ही दोन्ही आचारनियमांत नावानिशी गैरवर्तने म्हणून लिहावीत, आणि ज्युनियरला तक्रारीचा हक्क आहे हेही लिहावे. चौथी, सीनियर अपात्र निघाला पण ज्युनियर खरोखर कोर्टात काम करत होता हे रोजनाम्यावरून दिसत असेल, तर त्याची वर्षे बुडू नयेत. उच्च न्यायालयाने सेवानियमांत तशी तरतूद करावी. पाचवी, स्टायपेंडचे परिपत्रक बंधनकारक करावे आणि ज्या सीनियरना ते खरेच झेपत नाही त्यांच्या ज्युनियरसाठी कल्याण निधीतून वाटा द्यावा.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. सनद हातात घेऊन सीनियर शोधणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना आमचे सांगणे आहे की, पहिल्या दिवसापासून स्वतःचा पुरावा स्वतः जमा करा.

सीनियरच्या सनदेचा क्रमांक आणि वर्ष पाहून घ्या. त्यात अपमान काही नाही, वकीलपत्रावर तो क्रमांक लिहिलेलाच असतो. तुम्ही परीक्षेला बसाल त्या वर्षी त्यांची दहा वर्षे भरतात का, हे बोटांवर मोजा. शंका असेल तर बार कौन्सिलकडे लेखी चौकशी करा. ज्या प्रकरणात काम कराल त्याच्या वकीलपत्रावर आपलेही नाव आणि सही असू द्या. न्यायाधीशांसमोर उभे राहाल तेव्हा रोजनाम्यात आपली हजेरी येते का ते पाहा, आणि ई-कोर्ट्सवरून त्या तारखेची प्रत काढून ठेवा. रोजची डायरी लिहा. तारीख, कोर्ट, प्रकरण क्रमांक, काय केले, एवढे पुरे. सीनियरकडून रुजू झाल्याचे दोन ओळींचे पत्र मागा. परिपत्रकातही लेखी नेमणुकीची अपेक्षा आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. आणि शक्य असेल तर एकाच सीनियरवर सगळे सोपवू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात, दुसऱ्या ज्येष्ठ वकिलाच्या एखाद्या प्रकरणात, आपले काम पाहणारी आणखी एक पात्र व्यक्ती असू द्या.

आपल्या ज्येष्ठ वकिलांना आमची विनंती आहे की, प्रत्येक जिल्ह्यात दहा वर्षे पूर्ण झालेल्या आपल्या वकिलांची यादी आपणच करावी, बार कौन्सिलची वाट न पाहता. विहारात, वाचनालयात, वकील संघाच्या फलकावर ती लावावी. प्रत्येकाने दोन ज्युनियर घ्यावेत, त्यांना खरेच शिकवावे, परवडेल तेवढे पैसे द्यावेत, आणि तीन वर्षांनी जी सही द्याल ती अशी असावी की जिल्हा न्यायाधीशांनी डोळे मिटून तिला दुजोरा द्यावा.

न्यायासनावर आपला माणूस बसला, याचा आनंद आपण केला. तिथे पुढचा माणूस पोहोचायचा असेल तर त्याची वाट तालुका कोर्टातल्या एखाद्या सीनियरच्या टेबलापासून सुरू होते. ते टेबल भक्कम आहे की नाही, हे आजच तपासा.

जय भीम.